गप्प झालेली टाकी

अहो,

जेवण झाकून ठेवलंय. मी थोरल्याला घेऊन हॉटेलवाल्याकडे वाइनच्या बाटल्या पोचवायला गेलेय. दुपारी बाग बघायला ते गिऱ्हाईक येईल. त्याला सावलीत बसवा, पाणी द्या, पण मी येईपर्यंत हो म्हणू नका.

बाटल्या त्याच टाकीतल्या आहेत. दरवर्षी तुम्ही टाकीला कान लावून आंबण्याचा आवाज ऐकता आणि गोडी शिल्लक असतानाच ती गार करून आंबणं थांबवायला लावता. यंदा म्हणालात, आवाज आपोआप थांबलाय, काही करायला नको. ती मात्र आतल्या आत आंबत राहिली आणि सगळी साखर खाऊन बसली. तुम्ही नासली, नासली म्हणत थेट बागच विकायला काढलीत.

परवा मी हॉटेलवाल्याला पेलाभर चाखवली. म्हणाला, "वहिनी, रोजच्या गिऱ्हाइकाला परवडेल अशी ड्राय व्हाइट वाइन मी कधीचा शोधतोय. अख्खी टाकी मला द्या."

एक बाटली फ्रिजच्या दारात आहे. गोड नाही म्हणून नाक मुरडू नका, दुसरा घोट घेऊन बघा.

उद्या सकाळी कानाच्या डॉक्टरांकडे जायचंय. पुढच्या वर्षी टाकीला कान तुम्हालाच लावायचाय. "मला सगळं ऐकू येतं" हे त्यांना सांगा, मला नको. ही सगळी बातमी मी काल तुमच्या मागे उभी राहून सांगितली होती. तुम्ही वेली छाटत राहिलात, म्हणून लिहून ठेवलीय.