रीमाचा तारा

कळंब, १२ जानेवारी २०२५

ती. आईस, तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

दिवाळीनंतर पत्र नाही, माफ कर. खोकला गेला, जेवण नीट आहे. तुझा गुडघा कसा आहे? गारगोटीला थंडी फार आहे का?

शाळेत वाचन-सप्ताह झाला. मोठ्याने वाचणाऱ्याला तक्त्यावर तारा. तिसरीतली रीमा, मासे विकणाऱ्या सत्यवतीबाईंची नात, हत्तीचं पुस्तक रोज घरी न्यायची. आजी सुकट निवडायची, ही वाचायची. तारा मिळाला.

शुक्रवारी, सप्ताहाच्या समारोपाला आलेल्या पाहुण्यांसमोर ती घडाघडा वाचत होती, पण पान उलटायला विसरली. सगळं पाठ होतं. हे फक्त मला कळलं. गप्प बसता आलं असतं. मी दुसरं पुस्तक देऊन म्हटलं, “आता हे वाच.” खरेपणासाठी, की पाहुण्यांना माझी शिस्त दिसावी म्हणून, ते अजून ठरवता येत नाही.

ती नुसती उभी राहिली. तिच्याच वर्गातला हृतिक म्हणाला, “बाई, ही तर मोबाईल आहे, नुसती वाजते.” वर्ग हसला, पाहुणे हसले. तिचा तारा मी स्वतः काढला.

आज सकाळी सत्यवतीबाईंनी पुस्तक परत आणून दिलं. “मी तिला इचारलं, आजीला पन फसवलंस? दोन दिस बोलत नाय ती.”

मुलं आधी पाठ करतात, मग वाचतात. हे मी डी.एड.लाच शिकले होते, आई.

तुझी,
शैला

उद्याचं काम: हसलेल्या सगळ्या मुलांसमोर रीमाची माफी मागायची.