सुजातच्या पाळण्यातली गोधडी

बल्लारपूर, १२ डिसेंबर २०२३

आयु. ठमाबाई यांस,
सप्रेम जयभीम वि. वि.

संघप्रिया सुजातला घेऊन रविवारी सासरी, तुमच्याकडे, येते आहे. सोबत प्रवासाचा फोल्डिंग पाळणा पाठवते. तळाची गादी पातळ आणि टणक आहे. ती तशीच हवी. वर उशी नको, गोधडी नको. बाळाला उताणं झोपवायचं. थंडी वाटली तर अंगात आणखी एक झबलं घाला.

शिकलेली विहीण नातवाला फळीवर झोपवते, असं तुम्ही मुलचेऱ्याच्या बाजारभर सांगाल. खुशाल सांगा.

माया आहेच, ती वाढती राहो.
तुमची रश्मी

मुलचेरा, ९ जानेवारी २०२४

रश्मीबाईले ठमाबाईचा जयभीम.

फोन लावला तं तुम्ही उचलत नाई, म्हणून धाकट्या सुनेकडून, निशाकडून, लिहून घेऊन राह्यली. नाई उचलला ते बरोबरच केलं.

तुमचं पत्र निशानं वाचून दाखवलं तवा मी हासली होती. त्या दिवशी खूब थंडी होती. पोराले त्या पातरशा गादीवर कसं ठेवू? माह्या जुन्या लुगड्याची गोधडी दुमडून खाली टाकली. संघप्रिया नळावर धुणं धुवाले गेली होती. नुकताच वळाले शिकला होता तो. तिनं येऊन पाह्यलं तं पालथा, तोंड गोधडीत.

डॉक्टर म्हणते, नक्की सांगता येत नाई. पोराचा बाप, राजदीप, म्हणते, आई, तुह्यानं नाई झालं. पण माह्याकडं पाहून नाई म्हणत. संघप्रिया तुमच्याकडं निघून गेली. सारे मले काऊन फसवून राह्यले? तुम्ही खरं सांगता. माह्या गोधडीनं गेला का नातू?

निशाले सातवा महिना हाय. तिच्या लेकरासाठी दुसरी गोधडी अर्धी शिवून झाली. शिवू का नोको?

लोभ मागाले तोंड नाई.
ठमा

बल्लारपूर, १६ जानेवारी २०२४

आयु. ठमाबाई यांस, जयभीम.

निशा, हे तूच वाचणार. मध्ये थांबू नकोस, काही गाळू नकोस.

ठमाबाई, डॉक्टर खोटं बोलले नाहीत. नक्की कोणालाच सांगता येणार नाही. पण मला विचारलंत, तर मला वाटतं, गोधडीनंच. मऊ अंथरुणात तोंड रुतलं की एवढ्या लेकराला मान उचलून बाजूला घेता येत नाही. दुसरं काही लिहिलं असतं तर तुम्हाला झोप लागली असती आणि ती गोधडी निशाच्या बाळाखाली गेली असती.

संघप्रिया खोलीबाहेर फारशी येत नाही. दूध अजून येतं. ते ती मोरीत पिळून टाकते आणि मी दाराशी उभी असते. तुमच्या मनात वाईट नव्हतं, असं मी तिला एकदा म्हणाले. ते तिला ठाऊक आहे, म्हणूनच कोणावर ओरडावं ते कळत नाही, असं ती म्हणाली.

गोधडी पुरी करा. निशाला पांघरायला द्या. लेकराच्या अंथरुणात वर्षभर काही नको. तो पाळणा तिथेच आहे; निशाच्या बाळाला तोच वापरा. टाकून देऊ नका.

लोभ असावा, असं शेवटी लिहितात. आज माझ्याकडे नाही. पण निशा बाळंत झाली की कळवा. पत्र मी फोडीन.

रश्मी