स्पीकर की रेडिओ

बालाघाट, ४ जुलै २०२४

ती. दादास सा. न. वि. वि.

फोन असताना पोस्टाचं पाकीट कशाला, म्हणून हसशील. माझा फोन फुटला आणि दुसरा घ्यायला हे इतक्यात तयार नाहीत. उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठव, तिथे ते माझ्याच हाती पडतं. शाळा सुरू झाली. पाचवीची मुलं माझ्याशी हिंदीत भांडतात आणि मी रागावले की मराठीत माफी मागतात. लबाड आहेत अगदी.

ह्यांनी दुकानासाठी पहिल्यांदाच चीनहून थेट होम थिएटरचे संच मागवले. माल नागपूरच्या डेपोत अडकलाय आणि तू तिथेच कस्टममध्ये. कागदावर स्पीकर लिहिलं तर त्यात चुकलं काय, असं हे विचारतात. तू शब्द टाकलास तर माल सुटेल, असं ह्यांच्या डोक्यात बसलंय. त्यापायी ग्राहकांवर ओरडतात, घरी ताट भिरकावतात.

माझं मनगट सुजलंय. अंगणात शेवाळावरून घसरले, म्हणून अक्षर वाकडं. सासूबाई रामपायलीला भाताच्या रोवण्यात गुंतल्यात, नाहीतर त्यांनीच शेकून दिलं असतं. वहिनींना नमस्कार, ओवीला पापा. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
अलकनंदा


नागपूर, ९ जुलै २०२४

चि. अलकनंदास अनेक आशीर्वाद.

पाकीट मिळालं. माझ्या अक्षराला नावं ठेवणारी बहीण आता माझ्यासारखंच लिहू लागली, हे वाचून ओवी खूप हसली.

गजेंद्ररावांना सांग, त्यांचं नाव कागदावर पाहिल्याबरोबर मी वरिष्ठांना लिहून दिलं की हे माझे मेहुणे, आणि त्या कामातून बाजूला झालो. खोके इथे उघडतात, पण माल कशात मोडतो हे दुसऱ्याच शहरातला अधिकारी ठरवतो. काम कुणाकडे धाडायचं ते संगणक ठरवतो. तो अधिकारी कोण, ते मलाही कळत नाही.

वाद असा आहे. नुसता स्पीकर दुसऱ्या यंत्राचा आवाज मोठा करतो. ह्या संचात रेडिओ आहे, शिवाय पेनड्राइव्ह लावली की तो आपला आपण गातो. मग त्याला स्पीकर म्हणायचं, रेडिओ म्हणायचं, की गाणी वाजवणारं यंत्र? नियम म्हणतो, मुख्य काम कोणतं ते बघा. त्यावर कराचा दर बदलतो, रेडिओला तो जास्त. दोन्ही बाजूंनी बोलता येण्यासारखं आहे. त्यांनी चांगला वकील लावावा.

आता माझं विचारतो. तुमच्या अंगणात मागच्या उन्हाळ्यात फरशी बसली, मी स्वतः पाहिलीय. शेवाळ कुठून आलं? खरं लिही. काळजी लागलीय.

तुझा,
गुणाकरदादा


बालाघाट, १६ जुलै २०२४

दादा, नमस्कार.

शेवाळ नव्हतं. त्याने माझा फोन भिंतीवर फोडला, तेव्हाच मनगट पिरगाळलं होतं.

तुझ्या पत्रातला मालाचा भाग मी त्याला वाचून दाखवला. समजलं तर शांत होईल, असं वाटलं. त्याने दुकानातून नमुन्याचा संच आणला, टेबलावर ठेवून आवाज पूर्ण मोठा केला. माझे केस धरले आणि विचारलं, की हे काय आहे. मी म्हटलं, स्पीकर. तरी माझं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. परत विचारलं. मी परत स्पीकरच म्हटलं. दात ओठात घुसला. मग म्हणाला, आता तुझ्या भावालाही असंच म्हणायला लाव. गाण्याच्या गोंगाटात शेजाऱ्यांना माझं ओरडणं ऐकू गेलं नाही. डाव्या कानातून तेव्हापासून रक्त येतंय आणि ऐकू येत नाही.

शाळेत जिन्यावरून पडले म्हणून सांगितलं. शेजारच्या वर्गावरच्या प्राचीने विश्वास ठेवला नाही. तिच्याच घरी बसून लिहितेय, तिचा पत्ता पाकिटावर आहे.

तू येऊ नकोस. तुला कापून वैनगंगेत टाकीन म्हणतो, आणि हल्ली तो बोलतो ते करतो. फक्त कुठेतरी स्पीकर लिहून दे. मी काय मागतेय ते मला कळतं, दादा. तरी मागतेय.

अलकनंदा


नागपूर, १९ जुलै २०२४

लाडक्या अलकाला आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी डेपोतल्या त्या खोक्यांसमोर जाऊन उभा राहिलो. लिहिता आलं असतं, तर आज लिहिलं असतं. इतकी वर्षं नोकरी केली, असं कधी वाटलं नव्हतं. पण ते माझ्या हातात नाही. आणि असतं, तरी पुढच्या मालासाठी त्याने तुझा दुसरा कान फोडला असता.

संच रेडिओत धरला, असं कानावर आलंय. गजेंद्रला एकदोन दिवसांत कळेल. त्याच्या आत घर सोड आणि प्राचीताईंकडेच राहा. कपड्यांसाठीसुद्धा परत जाऊ नकोस. मी उद्या निघतोय. तुमसरच्या पुढे रस्त्यावर पाणी आहे म्हणतात. मला उशीर झाला तर निदान हे आधी पोचावं, म्हणून स्पीडपोस्टाने टाकतोय. आलो की पोलीस ठाण्यात आपण दोघं जाऊ. तू एकटी नाहीस.

गुणाकर


रामपायली, १२ ऑगस्ट २०२४

गुणाकरभाऊले दुर्गाबाईचा रामराम.

तुम्ही दवाखान्यात आले तवा मी भिताडाकडे तोंड करून बसली होती. गजेंद्र माह्या पोटचा, तुमच्याशी काय बोलू? तोंडानं सांगता आलं नाही म्हणून लिहून राह्यली. चौथी शिकली हाय, चुकलं तर समजून घ्या.

त्या दिवशी मी रोवणा आटपून बालाघाटले आलती. सून प्राचीबाईच्या घरून कपडे न्यायले आलती, तुमचं पाकीट तिले मिळालंच नव्हतं. मले पाहून थांबली, चहा ठेवला. थो चहाच नडला. तेवढ्यात गजेंद्र आला. माल रेडिओत धरला, असा कागद त्याच्या फोनवर आलता. त्यानं काही इचारलं नाही. स्पीकरची तार उपसली, तिच्या गळ्यात घातली अन् ओढली. तिचे पाय फरशीवर तडफडत होते. मी म्हटलं सोड, माह्या राजा, सोड तिले. त्यानं मले लाथ घातली.

मंग मी कोपऱ्यातलं मुसळ घेतलं. हातावर मारलं, हाड मोडल्याचा आवाज आला, तरी सोडेना. मंग डोक्यावर मारलं. थो पडला, रगत पार दारापर्यंत गेलं. मले वाटलं मेला. तरी पह्यले मी तिच्या गळ्यातली तार सोडवली, मंग त्याच्याकडे पाह्यलं.

थाण्यात मीच गेली. गजेंद्र वाचला, आता जेलात हाय. आता भाऊबंद येऊन म्हणतात, सून पडली असं सांग, पोरगा सुटते. माहा पुतण्या चैतराम, त्यानं काल अंगणात कुऱ्हाड आपटून दाखवली. आपटू दे. मी पाह्यलं तेच सांगन. तुमच्या बहिणीले रामपायलीले आणली हाय, माह्याजवळ झोपते. झोपेत दचकते. तुम्ही जीव जाळू नका. घरच्यायले रामराम सांगा, अन् या म्हातारीले परकी समजू नका.

दुर्गाबाई


रामपायली, १७ डिसेंबर २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

काल निकाल लागला. गजेंद्रला शिक्षा झाली. ओवीची परीक्षा टाकून तू आला नाहीस ते बरंच केलंस, कोर्टात त्याचे भाऊबंदच जास्त होते. माल अजून डेपोतच आहे म्हणतात. रेडिओच्या त्या निर्णयावर त्याने अपील केलंच नाही.

सगळं सासूबाईंच्या साक्षीवर ठरलं. त्यांची साक्ष झाली त्या दिवशी त्याच्या वकिलाने फार छळलं होतं. ती तार स्पीकरची होती की रेडिओची, हेसुद्धा विचारलं. सासूबाई म्हणाल्या, माह्या सुनेच्या गळ्यातली होती.

शिक्षा वाचली तेव्हा गजेंद्रने आईकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. पोलीस त्याला गाडीत घालून घेऊन गेले. गाडी वळेपर्यंत सासूबाई ताठ उभ्या होत्या. मग तिथेच धुळीत बसल्या आणि गजू गजू म्हणत छाती पिटू लागल्या. लोक जमले. चैतराम त्यांच्या अंगावर थुंकला. म्हणाला, पोराले खाल्लं, आता काहून रडतं.

मी पदराने त्यांचा चेहरा पुसला आणि त्यांच्याजवळ धुळीत बसले. ज्याने माझा गळा आवळला त्याच्यासाठी त्या रडत होत्या, आणि मी त्यांना पोटाशी धरून रडू दिलं. मनसोक्त रडल्या, मग स्वतःच उठल्या आणि म्हणाल्या, चाल पोरी, वारासिवनीची बस जाईल.

वहिनींना नमस्कार, ओवीला आशीर्वाद. आमच्या दोघींवर तुझी माया असू दे.

तुझी,
अलकनंदा