घंटी वाजत होती

आप्पा,

तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, डिंडोलीचं घर दुसऱ्याचं झालं, तरी कुणी फोन उचलला नाही की मला आधी तुमचा राग येतो, मग त्या माणसाची काळजी वाटते.

आपल्या गल्लीत पहिला फोन आपला. उधन्याच्या कारखान्यातून आलात की हातपाय धुऊन तुम्ही आधी त्याच्यावरचा विणलेला रुमाल सरळ करायचात. माझी पाठवणी करताना तुम्ही रडला नाहीत. म्हणालात, "आता घर लांब नाही. फोन शे ना." मी ते खरं मानलं.

सासर नंदुरबारकडचं. सुरुवातीला फोन लागायचा. खरखर असायची, आवाज मध्येच बुडायचा, पण तुमचं "बोल बेटा" कानावर पडायचं. पुढे सासरी माझ्यावर हात उठायला लागला. पत्र लिहिलं तर उत्तर आधी सासूच्या हाती पडणार. मग मी दळणाच्या निमित्ताने बाहेर पडते, स्टँडवरच्या एसटीडी बूथमध्ये शिरते, नंबर फिरवते. घंटी वाजते. वाजतच राहते. बूथवाला म्हणतो, "ताई, लाइन चांगली आहे. तिकडे कोणी उचलत नाही."

पहिल्यांदा वाटलं, बाजारात गेले असतील. पुढच्या खेपेला मी लाइनलाच शिव्या दिल्या. पण दर खेपेला तीच स्वच्छ घंटी ऐकून माणूस तारेला किती दोष देणार? मी तुम्हाला दिला. लेक दिली, आता तिचं रडगाणं नको, म्हणून हे उचलत नाहीत, असं मनाशी पक्कं केलं आणि फोन करणं सोडलं. त्यानंतर मुकाट मार खाल्ला.

शेवटी एका सकाळी नेसत्या साडीनिशी पॅसेंजरमध्ये बसले. उधन्याला उतरले, रिक्षा केली. तुम्ही दार उघडलंत, माझ्या सुजलेल्या गालाकडे पाहिलंत आणि म्हणालात, "फोन तरी करना व्हता."

मी आत जाऊन रिसीव्हर कानाला लावला. काहीच नाही. मेलेला.

"आजच गेला वाटतं," तुम्ही म्हणालात.

आई गॅसपाशी पाठमोरी उभी होती. "दिवाळीपासून बंद शे," ती म्हणाली.

शेजारच्या मावशी नंतर म्हणाल्या, गल्लीतल्या बायका दोन-चारदा फोन करायला येऊन हात हलवत परत गेल्या आणि मग आपल्या दारावरून सरळ कोपऱ्यावरच्या बूथवर जायला लागल्या. त्यांना कळलं आणि तुम्हाला नाही? कळलं होतं, आप्पा. तो फोन मिळवायला तुम्ही कुणाकुणाच्या पाया पडला होतात, त्यामुळे तो बिघडलाय असं चारचौघांत म्हणणं तुमच्या जिवावर आलं. तक्रार केली नाहीत. मला दोन ओळींचं कार्डही टाकलं नाहीत. उलट आईला समजावत राहिलात, पोरीचा फोन येत नाही म्हणजे ती सुखात आहे. हे वाक्य मी तुम्हाला कधीही माफ करणार नाही.

तुम्ही मला परत पाठवलं नाहीत, हे खरं. दुसऱ्या दिवशी कामावर न जाता टेलिफोन ऑफिसात जाऊन बसलात. लाइनमन आला, फोन सुरू झाला. तोच म्हणाला, इकडचा फोन मेलेला असला तरी फोन करणाऱ्याला घंटी ऐकू येतच राहते. सासऱ्यांचा फोन आला तेव्हा तुम्हीच उचललात. "ती येणार नाही," एवढंच बोललात आणि रिसीव्हर ठेवलात. मग त्याच्यावरचा रुमाल पुन्हा पुन्हा सरळ करत राहिलात. मी पाहिलं आणि तरी तुमच्याजवळ आले नाही. त्या दिवशी मला ते पुरेसं वाटलं नाही. आजही वाटत नाही.

हे लिहून मी कपाटात ठेवून देईन. तुमच्या फोटोसमोर वाचणारसुद्धा नाही. फक्त एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही. त्या बूथला दार नव्हतं, बाहेर ओळखीची माणसं रांगेत उभी असायची. तुम्ही फोन उचलला असतात, तर मी बहुतेक एवढंच म्हटलं असतं, "मी बरी आहे. तुम्ही कसे आहात?"