म्हातारा गेला कुठे?

२८ एप्रिल, सोमवार
सकाळीच विमलचा वाघोलीहून फोन. "शालू, शुक्रवारी आपल्या निळ्याचा दुसरा भाग लागतोय. ईशाने तिकिटं काढलीत. आणि ऐक, मराठीत आहे! तुझ्या घशाला सुट्टी."

घशाला सुट्टी म्हणे! चाळीस वर्षं हिच्या डाव्या कानात इंग्रजी सिनेमे मराठीतून ओतलेत मी. पुढच्या रांगेतल्या किती जणांनी वळून डोळे वटारले, कितींशी भांडले. ऑफिसात मी इंग्रजी स्टेनो, ती आवक-जावकला. मी कॉन्व्हेंटची, ती नगरपालिकेच्या शाळेतली. शुक्रवारी कचेरी सुटली की दोघी पर्स उचलून थेट थिएटर. आता सरकारनंतर ही मला निवृत्त करतेय.

२९ एप्रिल, मंगळवार
राग कसला, भीती आहे. लिहून टाकते.

निळ्या चिलखतवाल्याचा (यापुढे नि.चि.) पहिला भाग दोन उन्हाळ्यांपूर्वी पाहिला. विमलच्या नवऱ्याला, वसंतरावांना जाऊन तेव्हा दीड महिना झाला होता. भिंतीकडे बघत बसायची म्हणून मीच ओढून नेली. नि.चि. उडतो, मारामारी करतो, ते असो. पण त्याला चिलखत करून देणारा एक म्हातारा शास्त्रज्ञ होता. ढगळ स्वेटर, चष्मा कपाळावर आणि शोधतोय टेबलाखाली. त्याला बघून विमल हसली. दीड महिन्यात पहिल्यांदा.

मध्यंतरानंतर दिग्दर्शकाने नेमका त्यालाच मारला. मोठा निळा उजेड, म्हातारा त्यात विरघळला.

मी सवयीने म्हटलं, "गेला."

"कुठे?"

तिच्या तोंडाकडे बघितलं. म्हटलं, "दुसऱ्या ग्रहावर. येईल पुढच्या भागात."

मग काळे कपडे, फुलं, भाषणं. ते मी निरोप समारंभ म्हणून खपवलं. सरकारी नोकरी केलेल्या बाईला लगेच पटलं. "त्यांच्यात शाल-श्रीफळ नाही का देत?" एवढंच विचारलं तिने.

दोन वर्षं त्या म्हाताऱ्याची वाट बघतेय.

२ मे, शुक्रवार
पाहिला. आधी सिनेमाबद्दल.

अडीच तास. अर्धं शहर पाडलं. राडारोडा कोण उचलणार, हा प्रश्न एकाही पात्राला पडत नाही. खलनायक आकाशगंगा गिळायला निघालाय आणि बोलतो रेडिओवर बाजारभाव सांगितल्यासारखा. इमारत अंगावर पडली तरी नायिकेचे केस विंचरलेले. एवढ्या पैशात कथा विकत मिळत नाही का?

नि.चि. मात्र... अरुंद गल्लीतून उडताना दोरीवरचे वाळत घातलेले कपडे हाताने बाजूला सारतो, फाडत नाही. आईने नीट वाढवलेला पोरगा आहे. आवडतो मला. विमलच्या नातीसमोर, ईशासमोर, कबूल करणार नाही. डबिंगही वाईट नव्हतं, हे तर कुणासमोरच नाही.

आता म्हातारा. पहिल्याच प्रसंगात नायिका म्हणते, "सरांना जाऊन दोन वर्षं झाली." मी पडद्याऐवजी तिच्याकडे बघितलं. विमल खूश! "बघ, दोन वर्षं. बरोब्बर." पुढे "सर आपल्याला सोडून गेले", मग "सर आज आपल्यात नाहीत". ही प्रत्येक वाक्याला मान डोलावतेय. नाहीतच ना, ग्रहावर आहेत. मराठी भाषेने माझी अब्रू मध्यंतरापर्यंत राखली. मध्यंतरात तिने स्वतःचा अर्धा सामोसा मला दिला.

मग नि.चि. गच्चीच्या कठड्यावर बसून म्हणाला, "त्यांच्या मृत्यूला मी जबाबदार आहे."

मृत्यू. या शब्दातून सुटायला वाट नाही.

विमलने माझ्या हातावरचा हात काढून घेतला.

बाहेर आल्यावर विमल: "पहिल्या भागातच मेला होता?"
"हो."
ईशा मध्येच, "आजी, ऑबव्हियसली! ट्रेलरमध्येपण आहे ते. तुला ग्रहबिह कोणी सांगितला?"
"माझीच ऐकण्यात चूक झाली," विमल नातीला म्हणाली. माझ्याकडे न बघता.

चारचौघांत बोलली असती तर चाललं असतं. झाकलं मला, ते लागलं.

४ मे, रविवार
रविवारी नऊला तिचा फोन, हा नियम. नऊ. साडेनऊ. दहा. मीही करणार नाही.

केला. उचलला नाही.

जिन्यात लेले भेटले. "काय बाई, सिनेमा कसा?" म्हटलं, आपल्या सोसायटीच्या मीटिंगसारखा. आवाज भरपूर, निष्पन्न काही नाही. ते चेअरमन आहेत.

६ मे, मंगळवार
आला फोन. उचलल्यावर नुसतं हसणंच, थांबेचना. "अगं शालू, निरोप समारंभ! आणि मी मेली विचारतेय, शाल-श्रीफळ कुठाय!" मीही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वाटलं, सुटले.

मग म्हणाली, "एक विचारू? ह्यांच्या वेळचे ते मोठे डॉक्टर. त्यांना मराठी येत नव्हतं."
"नव्हतं."
"तुझ्याशीच बोलायचे. आणि तू मला सांगायचीस."
"हो."
"नीट सांगायचीस ना गं?"

म्हटलं, "फोनवर नको. शुक्रवारी येते."
"बरं," म्हणाली. आवक-जावकची बाई आहे. 'बरं' म्हणजे नोंद झाली, निकाल नाही.

८ मे, गुरुवार
अठ्ठावीस वर्षं साहेबांचं प्रत्येक वाक्य स्वल्पविरामासकट उतरवलं. एकदा साहेब चुकीचं बोलले तर चुकीचंच टाइप केलं आणि "सर, आपण असंच म्हणालात" असं तोंडावर सांगितलं. त्याचा मला अभिमान.

डॉक्टर म्हणाले होते: फार तर चार दिवस, जवळच्या माणसांनी आता सोबत राहावं. विमल बाहेर बाकावर, मांडीवर रिकामा डबा. मी जाऊन म्हटलं, "चार दिवस लागतील म्हणतात."

आकडा त्यांचा. 'लागतील' माझं.

तिला वाटलं, चार दिवसांनी घरी सोडणार. दुपारी घरी जाऊन खोली आवरायची. चादरी, उशांचे अभ्रे, सगळं धुतलं. चौथ्या दिवशी सकाळी "शिरा करून आणते, ह्यांना आवडतो" म्हणून गेली. वसंतराव गेले तेव्हा खोलीत मी होते. ती रिक्षात, गरम डबा पदराने धरून.

तिची दया येऊन बोलले, असं दोन वर्षं स्वतःला सांगतेय. पण तिचा चेहरा मलाच बघायचा नव्हता. सोय माझी होती.

९ मे, शुक्रवार, वाघोली
वही पर्समध्ये होती. विमलच्या सोफ्यावर बसून लिहितेय, कारण हातांना काहीतरी हवंय. ईशा कॉलेजात.

सांगितलं. आधी डॉक्टरांचं इंग्रजी, जसंच्या तसं. मग त्याचं खरं मराठी. मग बाकाशी जे बोलले ते. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही.

म्हणाली, "म्हणजे माझ्याकडे चार दिवस होते."

आणि मग, "मी अभ्रे धूत बसले."

उठली. म्हणाली, "बस. चहा टाकते." एवढे तीनच शब्द, मी शपथेवर सांगेन. सूर कसा होता ते टिपता येत नाही.

पंधरा मिनिटं झाली. लायटर दोनदा वाजला. गॅस पेटल्याचं काही ऐकू आलं नाही.