गोल भोकातून नेम

मुलुंड, रविवार, १२ फेब्रुवारी १९५६

आज दुपारच्या चाचणीत अण्णांच्या, माझ्या भावाच्या, पाचपैकी चार गोळ्या मधल्या वर्तुळात!

नापास झाले असते, तर कॅडेट मुलींना नेमबाजी शिकवण्याचं काम गेलं असतं. वय अठ्ठावन्न, जवळचं धूसर दिसतं आणि बंदूक नवी. पहिल्या महायुद्धात, मेसोपोटेमियाच्या लढाईत, त्यांच्या बंदुकीला नेम धरायला मागे उघडी खाच होती. काही गोऱ्यांच्या बंदुकांना तेव्हाच गोल भोक होतं. अण्णा हसायचे, "चाळणीतून लढतात लेकाचे!" आता तेच भोक इथे आलं.

सकाळच्या सरावात सगळं चुकलं. खाचेच्या सवयीने ते भोकाची कडाच निरखत बसले. शेवटी माझी लेक सुमती, त्यांचीच शिष्या, ओरडली, "मामा, भोकाकडे नका बघू, त्यातून बघा! नळीच्या टोकावरची नेमाची खुंटी, ती माशी, तेवढी नजरेत धरा."

"मला शिकवतेस?"

"मग कोण शिकवणार?"

आणि खरंच, त्या बारीक भोकातून माशी त्यांना लख्ख दिसली. चष्म्याशिवाय! कसं काय, कोण जाणे.

घरी येताना अण्णा सुमतीला म्हणाले, "उद्या मुलींना हे तूच समजावून सांग. मी शेजारी उभा राहीन."

आमचे हवालदारसाहेब अण्णा, आणि शेजारी!