एक रॅम दुकानात नेलीय

सुचिता,

कम्प्युटर उघडा पडलेला बघून घाबरू नको. तो चालू होतो, पन आतल्या दोन रॅमपैकी एक काढून मी तुर्भ्याला रूपेशच्या दुकानात तपासायला नेलीय.

तू परवा आईला बोललीस, "या खटाऱ्यावर माझा प्रोजेक्ट पुरा होनार नाय, मी महाप्याला मैत्रिनीच्या रूमवर राहायला जाते." मी आतून ऐकलं. म्हनून आज व्हिडिओ बघत बघत रॅमचा स्पीड वाढवला. थोडा वेळ मस्त पळाला. मग स्क्रीन निळी झाली, आनि नंतर नुसता पी-पी वाजत राहिला. आतला गोल सेल काढून परत घातला, सगळी सेटिंग पहिल्यासारखी झाली, तरी वाजनं थांबेना. शेवटी एक रॅम काढली तेव्हा सुरू झाला.

तुझ्या प्रोजेक्टचा फोल्डर समोर दिसतोय. तो उघडायची माझी हिंमत झाली नाय. तूच उघड. नीट असेल तर पहिलं पेनड्राइव्हवर घे. बिघडला असेल तर मला फोन कर, आईला सांगू नको. आनि बॅग मी येईपर्यंत भरू नको.

बाबा